तळघरातली सोन्याची नगरी

समीक्षकावर एक फार जुना आरोप आहे. म्हणे, स्वतःला काही करता येत नाही म्हणून तो दुसऱ्याने केलेल्याबद्दल लिहितो. असा आरोप करणारे बहुधा लेखक असतात आणि त्यांचे पुस्तक नुकतेच कोणीतरी झोडपलेले असते, म्हणून मी तो कधी फारसा मनावर घेतला नाही. पण गेले सात महिने मी एका कलाकृतीच्या परीक्षणात गुंतलो आहे, आणि तिच्यापुरता तरी हा आरोप माझ्यावर कोणाला करता येणार नाही. नाटकाच्या परीक्षकाला नटाचे पडसे बरे करावे लागत नाही. कादंबरीच्या परीक्षकाला कादंबरीची पाने सुटी करून, एकेक वाक्य स्पिरिटने पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवून, ती परत वाचता येते हे सिद्ध करावे लागत नाही. (काही कादंबऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत सुरू करायला हरकत नाही, पण तो विषय निराळा.) मला मात्र हे सगळे करावे लागले. कारण माझी कलाकृती म्हणजे १९७५ साली शिकागोच्या परिसरात जन्मलेले पिनबॉलचे यंत्र आहे. नाव 'एल डोराडो'. म्हणजे दंतकथेतली सोन्याची नगरी. सध्याचा मुक्काम : शिकागोच्या एका उपनगरातले आमचे तळघर, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी.

पिनबॉल ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी आपल्या लहानपणचे बॅगाटेल आठवावे. मे महिन्याच्या सुटीत ज्या घरात बॅगाटेल असे त्या घरच्या पोराला वाड्यात इनामदाराचा मान असे. वर गोल कमान असलेली लाकडी फळी, खिळ्यांची कुंपणे, त्यांत आकडे लिहिलेली घरे, आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढायचा, सोडायचा, आणि मग छरा शंभराच्या घरात पडावा म्हणून मानेने, खांद्याने आणि जिभेने जोर लावायचा. पिनबॉल म्हणजे हेच बॅगाटेल चार पाय फुटून, अंगात वीज येऊन, वयात आलेले. स्प्रिंगच्या दट्ट्याचे जे पेटंट आहे ते सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थाने १८७१ साली घेतले. त्याच्या आधी काठीने गोटी ढकलत. साठ वर्षांनी, १९३१ मध्ये, ऐन मंदीत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाची पेटी साडेसतरा डॉलरला विकायला काढली आणि ती हातोहात खपली. खिशात एक सेंट असलेल्या बेकार माणसाला तेवढ्यात परवडणारी दुसरी करमणूक नव्हती.

आता जिथे गरिबाची करमणूक आली तिथे तिच्यामागोमाग सुधारक येणारच. पिनबॉल हा नशिबाचा खेळ, म्हणून तो जुगार, म्हणून तो पोरांना बिघडवतो, असे न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांचे मत पडले आणि १९४२ साली त्या शहरात पिनबॉलवर बंदी आली. जप्त केलेल्या यंत्रांवर हातोडा घालताना साहेबांनी फोटोही काढून घेतले. गंमत अशी, की साहेबांचे म्हणणे त्या काळापुरते अगदीच चूक नव्हते. दट्ट्या सोडला की खेळाडूचे काम संपत असे. पुढचे सगळे खिळ्यांच्या आणि परमेश्वराच्या हाती. पण १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्याच हॅरी मॅब्सने 'हम्प्टी डम्प्टी' ह्या यंत्राला सहा फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच टुणकन उडणारी बोटे. खाली येणारा चेंडू त्यांनी पुन्हा वर मारता येतो. नशिबाच्या खेळात माणसाचा हात आला. कायद्याच्या लक्षात हा फरक यायला मात्र आणखी एकोणतीस वर्षे लागली. कायद्याच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायला हवा.

१९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे हा प्रश्न आला तेव्हा पिनबॉलवाल्यांनी रॉजर शार्प नावाचा तरुण साक्षीदार उभा केला. हा खेळ कौशल्याचा आहे हे त्याने खेळूनच दाखवायचे होते. सभागृहात दोन यंत्रे आणली होती. एक मुख्य, जिच्यावर शार्पचा हात बसलेला. आणि तिला ऐन वेळी काही झालेच तर म्हणून दुसरी राखीव. राखीव यंत्राचे नाव 'बँक शॉट'. आणि मुख्य यंत्राचे नाव? 'एल डोराडो'! पण समितीतल्या एका सभासदाला संशय आला, की पहिल्या यंत्रात ह्या लोकांनी काहीतरी करून ठेवले असणार. त्याने फर्मावले, त्या दुसऱ्यावर खेळा. शार्पने सराव नसलेल्या यंत्रावर खेळून दाखवले, आणि शेवटी सांगून टाकले, की आता मी दट्ट्या असा सोडतो की चेंडू वरच्या मधल्या गल्लीतूनच जाईल. सोडला, आणि गेला. बंदी उठली. इतिहासात 'बँक शॉट'चे नाव झाले. म्हणजे आमच्या नायिकेने तालमी करायच्या, तोंडाला रंग लावायचा, शालू नेसून विंगेत उभे राहायचे, आणि तिसरी घंटा झाल्यावर मालकांनी बदलीतल्या मुलीला रंगमंचावर ढकलायचे! ही हकिकत मला यंत्र घरी आणल्यानंतर कळली. तेव्हापासून मी तिच्याशी जरा जपून बोलतो.

आता परीक्षण. संहितेपासून सुरुवात करू. ह्या यंत्राचा आराखडा एड क्रिन्स्कीचा, चित्रे गॉर्डन मॉरिसनची. रंगमंचावर चार फ्लिपर आणि पंधरा सोंगट्या. सोंगटी म्हणजे उभी पट्टी. चेंडू लागला की खाली जमिनीत जाते आणि सगळी रांग पडली की सीतामाईच्या उलट दिशेने पुन्हा वर येते. दहांची रांग वर, पाचांची बाजूला. बस्स. एवढीच कथा. पण ह्या एकाच कथेवर कंपनीने किती संसार चालवावेत? एका खेळाडूसाठी 'एल डोराडो'. चौघांसाठी हेच नाटक १९७६ मध्ये 'टार्गेट आल्फा' म्हणून. दोघांसाठी १९७७ मध्ये 'सोलर सिटी'. काही ठिकाणी बक्षीस म्हणून फुकट डाव देणे हाही जुगार समजत. तिथे डावाऐवजी जादा चेंडू देणारी आवृत्ती निघाली, तिचे नाव 'गोल्ड स्ट्राइक'. पात्रे तीच, प्रवेश तेच, पडदे तेवढे निराळे. आपल्याकडे एकाच फार्सचे चार नावांनी प्रयोग लावणाऱ्या कंत्राटदाराला आपण नावे ठेवतो. पण मी म्हणतो, चार वेषांत चार गावांना चालली ती संहिता दमदारच असली पाहिजे.

मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार सांगितले आहेत : संवादलय, विरोधलय आणि समतोल. कॉलेजात असताना हे मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुण घेऊन मोकळा झालो. अर्थ लागला तो ह्या तळघरात. वरच्या दोन फ्लिपरनी दहांची रांग एकामागून एक पाडत जाणे हा संवाद. शेवटची एकच सोंगटी उरते, ती नेमकी चेंडूच्या वाटेत कधी येत नाही, हा विरोध. आणि चेंडू दोन फ्लिपरच्या बरोबर मधून, कोणावरही अन्याय न करता, सरळ भोकात जातो, हा समतोल.

संगीताबद्दल लिहिलेच पाहिजे. आजकालची यंत्रे बोलतात, गातात, बाँब फोडतात. आमच्या यंत्रात तीन धातूच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावर टोले मारणारे तीन दांडे. दहा गुणांना एक स्वर, शंभराला दुसरा, हजाराला तिसरा. एवढ्याच भांडवलावर मैफल. पण डोळे मिटून ऐकले तरी गुण किती झाले ते कळते, आणि असे किती गवयांबद्दल म्हणता येईल? याशिवाय 'नॉकर' नावाचे एक वाद्य आहे. फुकट डाव मिळाला की एक दांडा पेटीच्या लाकडावर आतून असा सणसणीत ठोका मारतो, की वरच्या मजल्यावरच्या सौभाग्यवतींनी पहिल्या वेळी पोलिसांना फोन लावायला घेतला होता.

पण ह्या कलाकृतीचे खरे मोठेपण पडद्यामागे आहे. फळी वर उचलून टेकवली की खालचा देखावा पाहून नवशिक्या माणसाची पहिली भावना ही, की फळी परत खाली ठेवावी. तारांचे जंगल, त्यात डझनावारी रिले, आणि शेकडो स्विचच्या पितळी जिभा. चिप नाही, संगणक नाही. तरीही हे यंत्र मोजते, लक्षात ठेवते, निर्णय घेते. कसे? तर एखादा रिले ओढला गेला की तो स्वतःच्याच एका स्विचमधून स्वतःची वीज चालू ठेवतो. म्हणजे त्याच्या 'लक्षात राहिले'. कोणीतरी ती वाट तोडली की तो सुटतो. म्हणजे 'विसरला'. स्मरणशक्ती म्हणजे काय यावर मी पुष्कळ जड ग्रंथ वाचले आहेत. 'स्वतःला धरून ठेवणे' इतकी सुटसुटीत व्याख्या एकातही नव्हती.

आणि ह्या सगळ्यांचा प्रॉम्प्टर म्हणजे 'स्कोअर मोटर'. समजा चेंडूने एकदम पन्नास गुण मिळवले. दहाच्या चक्राला एका ठोक्यात एकच घर पुढे जाता येते. मग ही मोटर एक तृतीयांश फेरा फिरते आणि तेवढ्यात तिच्या दात्यांवरून पाच ठोके जातात. टिंग टिंग टिंग टिंग टिंग. चक्र पाच घरे पुढे. सगळे तुमच्या डोळ्यांदेखत, ऐकू येईल असे. मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत काम केले. कागद एका खिडकीतून आत जाई आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या खिडकीतून नामंजूर होऊन बाहेर येई. मधे काय झाले हे मलाही कधी कळले नाही, आणि मी तर आत होतो! त्यामुळे कारण आणि परिणाम असे शेजारी शेजारी नांदताना पाहून मला भरून आले, यात नवल नाही.

यंत्राबरोबर एक नकाशा असतो. सतरंजीएवढा. त्यात प्रत्येक तार, प्रत्येक स्विच खुणेने दाखवलेला. प्रथमदर्शनी कुंडलीसारखा वाटतो आणि वाचायचाही कुंडलीसारखाच : कोण कोणाकडे पाहतो आहे, कोण कोणाला अडवतो आहे. एक फरक आहे. ह्या कुंडलीत जे लिहिले आहे ते खरोखर घडते. आणि घडले नाही तर दोष ग्रहांचा नसून मळाचा असतो.

नवशिक्यांसाठी जे मार्गदर्शनपर वाङ्मय आहे, त्याचेही परीक्षण ओघाने आलेच. ह्या वाङ्मयाचा एक ठरावीक बाज आहे. पहिल्या पानावर 'आधी प्लग काढा' असा वैराग्याचा उपदेश. तो शिरोधार्य आहे, कारण आत कॉइलना २४ आणि दिव्यांना ६ व्होल्ट मिळत असले तरी भिंतीतून येणारे १२० व्होल्ट कोणाचे नातलग नव्हेत. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या वायरीला अर्थिंगच नसते; ती आधी बदला म्हणतात, तेही योग्यच. मग दुसऱ्या पानापासून 'फक्त' ह्या शब्दाचा पाऊस सुरू होतो. फक्त चार स्क्रू काढा. फक्त जीभ किंचित वाकवा. ज्या लेखकाने 'किंचित' हा शब्द वापरला त्याला त्याच्या लग्नात कोणीतरी 'किंचित थांबा' म्हणून दोन तास पाटावर बसवले असणार. तरी ह्या पंथातल्या सगळ्या आचार्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे, आणि ती वाचून मी हादरलो. तेल घालू नका.

मराठी माणसाला असे सांगणे म्हणजे त्याच्या संस्कृतीच्या मुळावर घाव आहे. शिवणयंत्र अडकले, तेल. सायकल कुरकुरली, तेल. दार वाजले, तेल. पोराचे डोके दुखले, तेल. पोट दुखले, बेंबीत तेल. मारुतीची कृपा हवी, तेल. आणि हे म्हणतात, तेल नको! पण त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. कॉइलच्या आत नायलॉनची नळी असते आणि तिच्यातून लोखंडी दांडा कोरडाच पळायला हवा. तिथे तेल गेले की धूळ बसते, कॉइलची ऊब लागते, आणि काही वर्षांत त्या तेलाचा डिंक होतो. फवाऱ्याचे तेल तर पेट घेणारे, आणि आत ठिणग्या उडणारे शेकडो स्विच. मोटरच्या दात्यांसारख्या एकदोन ठिकाणी थोडे वंगण चालते. बाकी सगळा निर्जळी उपास.

ह्या सिद्धांताचा पडताळा मला पहिल्याच आठवड्यात आला. खेळ सुरू करायचे बटण दाबले की आधीच्या डावाचे गुण पुसले जायला हवेत. मोटर फिरू लागते, चक्रे एकेक घर सरकत शून्यावर येतात, सगळी आली की मोटर थांबते आणि चेंडू बाहेर येतो. आमच्याकडे मोटर फिरू लागली; आणि फिरतच राहिली. चक्रे भराभर शून्यावर आली, एक सोडून. शंभराचे चक्र सातावर बसले ते बसले. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे येईपर्यंत निवेदक जसा 'आता थोड्याच वेळात' म्हणत राहतो, तशी ती मोटर घरघरत राहिली. सात आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही, आणि सात तर हलत नाही.

नकाशा पसरला. चक्राला ठोका मिळतो का? मिळतो, कॉइल बिचारी दर वेळी 'टक' म्हणत होती. म्हणजे हुकूम पोचतो आहे, अंमलबजावणी होत नाही. हे दुखणे मला कचेरीमुळे चांगले माहीत होते. चक्र बाहेर काढले तर खटक्याच्या खिळीवर मधासारखा पिवळा थर. कोणीतरी, कधीतरी, प्रेमाने, तेलाचा फवारा मारलेला होता. अल्कोहोलने तो थर पुसला, कोरडेच परत बसवले. बटण दाबले. आठ, नऊ, शून्य. मोटर थांबली. त्या शांततेसारखी शांतता मी फक्त आमचा सत्यनारायणाचा लाऊडस्पीकर बंद झाल्यावर ऐकली आहे. मग 'ठक्' असा आवाज झाला आणि चेंडू दट्ट्यापुढे येऊन उभा राहिला.

त्याच अज्ञात हितचिंतकाने फ्यूजच्या जागी दुप्पट ताकदीचा फ्यूज बसवून ठेवला होता. फ्यूज वारंवार जातो ना, मग न जाणारा घाला. ताप वारंवार दिसतो ना, मग थर्मामीटर फोडा. ह्याचा परिणाम डाव्या फ्लिपरवर झालेला दिसला. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. एक जोरकस, फ्लिपर उडवण्यासाठी. दुसरा हलका, उडालेला फ्लिपर नुसता धरून ठेवण्यासाठी. कावड उचलताना लागतो तेवढा जोर ती खांद्यावर ठेवायला लागत नाही, तसेच हे. फ्लिपर शेवटाला पोचला की एक लहानसा स्विच उघडतो आणि हलका वेढा मधे आल्यामुळे जोर आपोआप ओसरतो. तो स्विच उघडेनासा झाला की कॉइल कावड उचलतच राहते. अशा वेळी योग्य फ्यूज जाऊन तिला वाचवतो. इथे दुप्पट फ्यूज निर्विकार बसला होता आणि कॉइलचा कागद कोळशासारखा झाला होता. नवी कॉइल, नवी नळी, स्विचच्या जिभेला 'किंचित' बाक, आणि मूळ ताकदीचा फ्यूज. काम एका संध्याकाळचे. पण त्या संध्याकाळी मला कळले, की यंत्रातला सगळ्यांत शहाणा भाग तोच, जो वेळेवर मोडतो.

इथवर वाद नव्हता. वाद झाला तो चेहऱ्यावरून.

खेळाच्या फळीवर, खालच्या फ्लिपरच्या थोडे वर, रंग उडून लाकूड दिसते. हाताच्या पंजाएवढा तुकडा. मंडळातले जे जे स्नेही चहाला आले त्यांनी तिथेच बोट ठेवले. "एवढं सगळं केलंत, आता हे पण नव्यासारखं करून टाका की." नव्यासारखे करण्याच्या सोयी आहेत. रंग जुळवून भरता येतो, वरून लाखेसारखा चकचकीत थर देता येतो, छापील फळीच अख्खी चिकटवता येते. अशी केलेली यंत्रे मी पाहिली आहेत. इतकी सुंदर असतात, की त्यांच्यावर खेळायचा धीर होत नाही. नव्या सुनेला स्वयंपाकघरात कोणी काम सांगू नये तसे वाटते. आणि ती पाहताना मला हटकून गावाकडची देवळे आठवतात. तीनशे वर्षांचा काळा दगड, त्यावर जीर्णोद्धार समितीने दिलेला गुलाबी ऑइलपेंट, आणि खाली देणगीदारांची यादी. भक्ती खरी असते हो. पण मूर्तिकाराची छिन्नी कुठे चालली होती ते आता कोणालाच दिसणार नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ राहतात. उमेदीच्या काळात ते दारूच्या गुत्त्यांतली पिनबॉल आणि ज्यूकबॉक्स दुरुस्त करत हिंडत. त्यांना मुद्दाम बोलावले. ते काठी टेकत तळघरात उतरले, फळीवर वाकले, आणि त्या उघड्या लाकडावरून त्यांनी बोट फिरवले. म्हणाले, "इथून सगळे हरतात." एवढेच. मग मी पाहिले. वरून येणारा चेंडू फ्लिपरच्या टोकाला चुकतो तो नेमका ह्याच वाटेने. ती वाट कोणी आखलेली नव्हती. पन्नास वर्षांत ज्यांनी कोणी इथे नाणे टाकले त्या सगळ्यांच्या हरण्याने ती पडली होती, रानातली पायवाट पडते तशी. क्रिन्स्कीने आराखडा दिला, मॉरिसनने रंग दिला, आणि हा तिसरा हात खेळणाऱ्यांचा. ह्या तिसऱ्या कलावंताच्या नावावर बोळा फिरवायचा अधिकार मला कोणी दिला?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण न होता पोवाडा होईल. उघडे लाकूड मळ धरते, कडेचा रंग आणखी सुटतो, आणि 'जसे आहे तसे' म्हणत हात बांधून बसलो तर दहा वर्षांनी पंजाचे पाऊल होईल. जपणे म्हणजे हात न लावणे नव्हे. म्हणून मी माझ्यापुरता निवाडा असा केला : पेटीच्या आत जे झिजले ते बदलायचे. रबराची कडी, नळ्या, कॉइल, वायर, सगळे नवे. कारण झिजलेला दांडा खेळाला खोटे पाडतो. वरचा रंग मात्र उडू द्यायचा नाही आणि भरायचाही नाही. कडा चिकटवून घेतल्या, लाकडावर मेण दिले. चेंडूला फरक कळत नाही, डोळ्याला कळतो. पुढेमागे कोणाला गुलाबी ऑइलपेंट द्यावासा वाटलाच, तर त्याची वाट मी बंद केलेली नाही. पण दिलेला ऑइलपेंट काढायची वाट कोणालाच सापडत नाही. मागे गुणफलकाच्या चित्राच्या काचेलाही हाच न्याय. रंग काचेच्या पाठीवर छापलेला असतो आणि आतल्या दिव्यांच्या उष्णतेने त्याचे पोपडे सुटतात. तिथे ४४ नंबरचे दिवे होते, ते काढून ४७ नंबरचे लावले. तेच दिवे, पण वीज कमी खातात, तापतात कमी. उजेड किंचित मंद झाला. हा 'किंचित' मात्र खरोखरचा.

माझी नऊ वर्षांची नात ह्या यंत्राची पहिली प्रेक्षक. दोन डाव खेळली आणि म्हणाली, "आबा, हे पॉझ कसं करायचं?" म्हटलं, होत नाही. "मग सेव्ह?" तेही नाही. "चेंडू गेला तर?" म्हटलं, गेला. तिने जरा विचार केला आणि फळीखाली डोके घालून विचारले, "मग ह्याला कसं कळतं, किती झाले ते?" मी फळी उचलून टेकवली, प्लग काढलेलाच होता, आणि बोटाने रिले दाबून दाखवला : बघ, ह्याने हिला धरलं, हिने त्याला सांगितलं. पाचव्या मिनिटाला ती मला सांगू लागली, की शंभराच्या चक्राच्या आधी दहाचे नवावरून शून्यावर आले पाहिजे. तिला शाळेत हातचा शिकवतात तो कागदावर. इथे तो खटकन वाजला.

परीक्षणाच्या शेवटी दोष सांगायची प्रथा आहे, ती मोडत नाही. ही कलाकृती अतिशय जड असून जिन्यावरून उतरवताना तिने दोन पुतणे आणि एक मैत्री जवळजवळ संपवली. तिच्यात एकावेळी एकालाच खेळता येते, त्यामुळे बाकीचे सल्ले देतात. तिचा शेवट ठरलेला आणि नेहमी एकच आहे : चेंडू खाली जातो. तीन चेंडूंचा डाव लावा की पाचांचा. आत एक खटका बदलला की ते ठरवता येते, शेवट नाही बदलता येत. तरीही मी तिला ह्या मोसमातला उत्कृष्ट प्रयोग म्हणतो, आणि हे माझे मत पूर्णपणे निःपक्षपाती आहे, कारण ह्या मोसमात मी दुसरे काहीच पाहिलेले नाही.

सौभाग्यवतींचे परीक्षण माझ्याहून थोडक्यात आहे. "अहो, पन्नास वर्षांपूर्वीचं मशीन चालू केलंत, छान झालं. वरचा मिक्सर दोन वर्षांपूर्वीचा आहे. तो कधी?" प्रश्न रास्त होता. मिक्सर तळघरात आणला, उलटा केला. बूड चारी बाजूंनी चिकटवून बंद. स्क्रू नाही, नकाशा नाही, आत डोकवायला फट नाही. खाली बारीक अक्षरांत फक्त एवढेच, की हे उघडू नये. मी तो तसाच वर नेऊन ठेवला आणि सांगितले, ह्याच्यावर परीक्षण लिहिता येत नाही. नवा आणावा लागेल.